सासूबाईंच्या हातात किती पेसो पडतात, ते मोजा

प्रश्न: मी लीड्समध्ये आयटीत नोकरी करतो. पत्नी एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, नर्स आहे, मूळची फिलिपिन्सच्या इलोइलो प्रांतातल्या एका लहान गावची. तिचे आईवडील तिथेच असतात. सासरे ६७ वर्षांचे आहेत, त्यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. आम्ही दर शनिवारी घराजवळच्या दुकानातल्या एजंटकडे १०० पौंड भरतो, वर ३ पौंड फी. सासूबाई सोमवारी जीपनीने, म्हणजे तिथल्या प्रवासी जीपने, मोठ्या गावात जाऊन रोख पैसे घेतात. सध्या पौंडाचा भाव बरा आहे, तेव्हा बचतीतले ६,००० पौंड एकदम पाठवून वर्षभराची काळजी मिटवावी, असं मला वाटतं. पत्नी म्हणते, नको. तुमचं मत काय? पाग-इबिग या तिथल्या सरकारी बचत निधीच्या एमपी-२ योजनेत पैसे ठेवावेत का, असंही तिने विचारलंय. पावतीचा फोटो जोडला आहे. डायलिसिसच्या प्रत्येक वेळी केंद्रात वरचे १,२०० पेसो भरावे लागतात. तिथला सरकारी आरोग्य विमा, फिलहेल्थ, बाकीचं देतं.

उत्तर: तुमच्या पत्नीचं बरोबर आहे. ६,००० पौंड एकदम पाठवू नका. पण आज ज्या पद्धतीने पाठवताय तीही बदला, आणि या महिन्यातच बदला. त्याहून मोठी गोष्ट तुमच्या पत्राच्या शेवटच्या दोन ओळींत, डायलिसिसच्या खर्चात दडलेली आहे. तिच्याकडे नंतर येते.

तुम्ही पावतीचा फोटो जोडलात हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण ‘फी तीनच पौंड आहे हो’ एवढंच सांगतात. पावतीवर तीन आकडे आहेत: भरले १०३ पौंड, दर ७२.९०, मिळणार ७,२९० पेसो. हिशेबाला सोपं जावं म्हणून बाजारातला मधला दर एका पौंडाला ७५ पेसो धरू. मधला दर म्हणजे मोठ्या बँका आपापसात ज्या भावाने चलन घेतात-देतात त्याच्या मधोमध असलेला भाव. तुमच्या १०३ पौंडांचे त्या दराने ७,७२५ पेसो झाले असते. सासूबाईंना मिळाले ७,२९०. मध्ये ४३५ पेसो गेले. त्यातले २२५ फीचे, ते तुम्हाला दिसतात. उरलेले २१० दरात कापले गेले, ते पावतीवर कुठेही लिहिलेले नाहीत.

जुन्या काळी सराफ नाणं मोडून देताना वटाव कापायचा. हा तोच वटाव आहे, फक्त आता तो दराच्या आकड्यात मुरवलेला असतो. म्हणून ‘झिरो फी’ अशी पाटी दिसली की आधी दर विचारा.

आठवड्याला ४३५ म्हणजे वर्षाला २२,६२० पेसो, सुमारे ३०० पौंड. टक्केवारीत बघितलं तर ५.६. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये एक कलम खास स्थलांतरितांच्या पैशांसाठी आहे: २०३० पर्यंत पैसे पाठवण्याचा खर्च ३ टक्क्यांच्या खाली आणायचा, आणि ५ टक्क्यांहून महाग असा एकही मार्ग ठेवायचा नाही. लंडनहून मनिलाकडे जाणारा मार्ग खरं तर स्वस्तातला, कारण त्यावर स्पर्धा भरपूर आहे. परदेशातल्या फिलिपिनो लोकांनी २०२४ साली बँकांमार्फत घरी धाडलेली रक्कम ३४ अब्ज डॉलरच्या वर होती. एवढ्या ओघावर हात धुवायला सगळ्याच कंपन्या उभ्या असतात. असं असताना तुम्ही ५.६ टक्के देताय, ते निव्वळ सवयीपोटी.

ऑनलाइन कंपन्यांना हे स्वस्तात कसं परवडतं, तेही समजून घ्या, म्हणजे भीती जाईल. तुमचे पौंड विमानात बसून मनिलाला जात नाहीत. कंपनीच्या ब्रिटनमधल्या खात्यात तुमचे पौंड जमा होतात आणि फिलिपिन्समधल्या तिच्या खात्यातून किंवा भागीदार बँकेतून तेवढे पेसो सासूबाईंना मिळतात. आपली जुनी हुंडी याच तत्त्वावर चालायची. दुकानातल्या एजंटला जागेचं भाडं, माणसाचा पगार आणि त्याची दलाली यातून काढावी लागते. ॲपला यातलं फारसं काही नसतं.

आता काय करायचं. आठवड्याचे १०० म्हणजे महिन्याचे सुमारे ४३३ पौंड होतात. पत्नीचा पगार जमा झाल्यावर दोन दिवसांनी, ठरलेल्या तारखेला, एकदाच पाठवा. वाइज, रेमिटली, वर्ल्डरेमिट, वेस्टर्न युनियन यांपैकी तीन ॲप एकाच वेळी उघडा, तिन्हींत ४३३ हाच आकडा घाला, आणि फीकडे व दराकडे न बघता फक्त ‘समोरच्याला मिळणार’ हा पेसोचा आकडा कागदावर उतरवा. ज्याचा मोठा, तो घ्या. पण एक सावधगिरी: नव्या ग्राहकाला पहिल्या खेपेला खास दर देतात आणि दुसऱ्या खेपेपासून तो उतरतो. म्हणून दुसऱ्या महिन्यात पुन्हा तुलना करा, खरा भाव तेव्हा कळेल. काही ठिकाणी शनिवार-रविवारी दर थोडा पाडतात, कारण बाजार बंद असतो. तुम्ही नेमके शनिवारीच पाठवताय. पैसे बँक खात्यातून किंवा डेबिट कार्डाने भरा. क्रेडिट कार्डाने भरले तर बरेचदा कार्ड कंपनी ते रोख उचल धरते, फी लावते आणि पहिल्या दिवसापासून व्याजही.

एकूण खर्च एक टक्का धरला तरी वर्षाला ५२ पौंड होतात. म्हणजे साधारण २५० पौंड वाचले, १८,७५० पेसो.

तुमच्या नेहमीच्या ब्रिटिश बँकेतून थेट पाठवायचा विचार मनात असेल तर तोही आकडा एकदा काढून बघा. तिथे दरातला वटाव असतोच. शिवाय वाटेतली मध्यस्थ बँक आणि तिकडची बँक आपापला वाटा कापू शकतात, म्हणजे किती पोहोचेल हे आधी नक्की कळत नाही. आणि काहीही झालं तरी रक्कम पेसोमध्येच पाठवा. मध्ये डॉलर आला की दोनदा मोडतोड होते.

पैसे पोहोचवायचे कुठे, हा प्रश्न मला दरापेक्षा महत्त्वाचा वाटतो. आपण इथे बसून जीकॅश या तिकडच्या मोबाइल पाकिटाचं कौतुक करतो, पण ते वापरायचंय एका वयस्क बाईंना. सासूबाई आज ज्या पॉनशॉपमधून, म्हणजे गहाणवटीच्या दुकानातून, रोख घेतात, सेबुआना लुइलिए किंवा पलावानसारख्या, तिथली बाई त्यांच्या ओळखीची असेल, आणि त्या ओळखीलाही किंमत आहे. तरीही डायलिसिसच्या रुग्णाला घरी ठेवून दर सोमवारी अर्धा दिवस जाणं हा खर्चच आहे, तो पावतीवर येत नाही एवढंच. माझा सल्ला असा: सासूबाईंच्या नावाने एटीएम असलेलं बँक खातं, बीडीओ, बीपीआय किंवा लँडबँक, जिची शाखा जवळ पडेल तिथे. महिन्याची मुख्य रक्कम तिथे जाऊ दे. जीकॅश त्यांना जमत असेल किंवा शेजारचा भाचा मदतीला असेल, तर किराण्यापुरते दोन-तीन हजार तिथे पाठवा. जीकॅशमधून रोख काढायला दुकानदार शेकड्यामागे पैसे घेतो. म्हणून जे रोखच लागणार आहे ते तिथे पाठवू नका. तिकडच्या बँकांमध्ये तत्काळ पैसे फिरवणारी इन्स्टापे ही व्यवस्था एका व्यवहारात ५०,००० पेसोपर्यंतच चालते. तुमची महिन्याची रक्कम त्यात आरामात बसते.

नाव भरताना मात्र थांबा. हे मी मराठी जावयांना आवर्जून सांगते. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. फिलिपिन्समध्ये मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव, आणि लग्न झालेल्या बाईच्या बाबतीत बहुधा तिचं स्वतःचं माहेरचं आडनाव. ओळखीच्या एका जावयाने सवयीने सासूबाईंच्या नावापुढे सासऱ्यांचं पहिलं नाव घातलं. पैसे पोहोचले, पण ओळखपत्राशी नाव जुळेना, म्हणून काउंटरवरून त्या रिकाम्या हातांनी परतल्या. दुरुस्तीला चार दिवस लागले. सासूबाईंच्या ओळखपत्राचा फोटो मागवा आणि अक्षर न् अक्षर तसंच भरा.

आता तुमचे ६,००० पौंड. त्यांचे साडेचार लाख पेसो होतात. तुमचं म्हणणं, आज भाव चांगला आहे. तो उद्या कसा असेल ते मला सांगता येत नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. २०१६ च्या जूनमध्ये ब्रेक्झिटचा निकाल लागला त्या एका रात्रीत पौंड दीड डॉलरवरून १.३३ च्या खाली आला. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तो १.०४ च्याही खाली गेला होता. पण त्याच सुमारास पेसोही घसरला होता, एका डॉलरला ५९ पर्यंत. म्हणजे तुमचा दर दोन टोकांना हलतो आणि दोन्हींवर तुमचा ताबा नाही. दर महिन्याला पाठवलं की कधी चढा भाव मिळतो, कधी उतरता, वर्षाअखेर मधला पदरात पडतो. घर चालवायला तेवढं पुरे आहे.

दराचं सोडा, माझी खरी हरकत वेगळी आहे. हे पैसे तुमचा संकटकाळचा साठा आहेत. एकदा तिकडे गेले की परत येत नाहीत. साडेचार लाख पेसो खात्यात आहेत हे लहान गावात लपत नाही. कोणाच्या मुलाची फी, कोणाच्या घराचं छप्पर. ज्यांनी सासऱ्यांना दवाखान्यात नेलं-आणलं त्यांना नाही म्हणणं सासूबाईंना जमणार नाही. फिलिपिनो लोक याला ‘उतांग ना लोओब’ म्हणतात, उपकाराचं ऋण. आपल्याला ते वेगळं समजावून सांगायला नको. तुमच्या पत्नीचं ‘नको’ यातूनच आलं असणार. त्यांना नीट विचारा, त्या घर ओळखतात.

म्हणून ६,००० मधले फक्त ६०० पौंड, म्हणजे ४५,००० पेसो, सासूबाईंच्या खात्यात एकदाच टाका. रात्री-अपरात्री दवाखाना लागला तर तेवढे हाताशी हवेत. उरलेले ५,४०० ब्रिटनमध्येच, हवे तेव्हा काढता येतील अशा बचत खात्यात, दोघांच्या नावे ठेवा. गरज पडली तर ॲपवरून बरेचदा काही मिनिटांत पैसे पोहोचतात. साठा तिकडे नेऊन ठेवण्याचं कारण उरत नाही. पत्नीने पाग-इबिगच्या एमपी-२ बद्दल विचारलंय. योजना चांगली आहे: पाच वर्षांची मुदत, २०२४ चा लाभांश ७.१० टक्के, तिथे करमुक्त. पण लाभांशाची हमी नसते, ब्रिटनच्या रहिवाशाला इथला कर बघावा लागतो, आणि पैसे पाच वर्षं अडकतात. संकटाचा पैसा तिथे नको. पुढे पगारातून वेगळे बाजूला काढलेत तर जरूर विचार करा.

आता डायलिसिस. तुम्ही लिहिलंय की प्रत्येक वेळी केंद्रात वरचे १,२०० पेसो भरावे लागतात, ‘फिलहेल्थ बाकीचं देतं’. वर्षाच्या १०४ खेपांचे हे १,२४,८०० पेसो झाले, १,६६४ पौंड. पाठवण्याच्या खर्चात आपण जे वाचवलं त्याच्या साडेसहा पट. ऑक्टोबर २०२४ पासून फिलहेल्थने डायलिसिसच्या एका खेपेचा दर ४,००० वरून ६,३५० पेसो केला, वर्षाला १५६ खेपांपर्यंत. ठरावीक औषधं आणि तपासण्याही त्यातच येतात. सासऱ्यांचं डायलिसिस त्याआधी सुरू झालं असेल तर हे १,२०० जुन्या दराच्या काळापासून तसेच चालू राहिले असण्याची शक्यता आहे. पत्नी स्वतः नर्स आहेत. त्यांनीच केंद्राला फोन करून तपशीलवार बिल मागावं आणि हे पैसे नेमके कशाचे, पॅकेजमधल्या कोणत्या गोष्टीचे तर नाहीत ना, हे विचारावं. साठी ओलांडलेल्या प्रत्येक फिलिपिनो नागरिकाला फिलहेल्थचं संरक्षण आपोआप मिळतं. औषधांवर ज्येष्ठांना २० टक्के सवलत आणि व्हॅटमाफी कायद्याने आहे. ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड औषधाच्या दुकानात प्रत्येक वेळी दाखवलं जातं का, हेही सासूबाईंना विचारा.

कोणी ‘माझा मित्र मनिलाला चाललाय, त्याच्याकडे द्या’ म्हणालं, किंवा व्हॉट्सॲपवर फार चढा भाव सांगितला, तर देऊ नका. कंपनीचं नाव एफसीए या ब्रिटनच्या वित्त-नियामक संस्थेच्या नोंदवहीत शोधा, दोन मिनिटांचं काम आहे. नोंद असली तरी ॲपच्या पाकिटात पैसे साठवून ठेवू नका. बँकेतल्या ठेवींना जे सरकारी संरक्षण आहे ते अशा पाकिटातल्या पैशांना नसतं.

पहिल्या खेपेला फक्त २० पौंड पाठवा. मग सासूबाईंना फोन करा: किती पेसो आले, त्यातले किती हातात पडले, आणि घरून निघून परत यायला किती वेळ लागला. ही तीन उत्तरं आणि डायलिसिस केंद्राचं बिल मला पाठवा, मग महिन्याची रक्कम किती ठेवायची ते ठरवू.