एफ कॉर्ड येत नाही, गिटार सोडू का?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझं चिपळुणात औषधांचं दुकान आहे, वय 49. भजनी मंडळात बरीच वर्षं पेटी वाजवतो, सूर पांढरी पाच. गेल्या दिवाळीत मुलीची पडून असलेली गिटार उचलली आणि क्लास लावला. रोज रात्री दुकान बंद करून बसतो. एखाद वेळी ई मायनर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गुच्छ, नीट लागला की लाकूड छातीशी असं काही घुमतं की दिवसभराचा शीण जातो. हे सुख पेटीनं कधी दिलं नव्हतं. पण एफ कॉर्ड काही केल्या येत नाही. पहिलं बोट आडवं टाकलं की निम्म्या तारा मुक्या होतात. बोटांची टोकं हुळहुळतात, तारा पावसाळ्यात गंजल्या. क्लासमधली सातवीतली मुलं पुढे गेली. सर म्हणतात, एफ आल्याशिवाय गाणं नाही. माझी बोटंही जाड आहेत. सोडून देऊ की नवी गिटार घेऊ?

उत्तर : सोडू नका, आणि नवी गिटारही इतक्यात घेऊ नका. आधी आहे ती तपासू या.

एफ अगदी पहिल्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी, धरावा लागतो. तिथून नट, म्हणजे तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी, अगदी जवळ, दोन बोटांच्या अंतरावर असते. खाचा उथळ असतील तर तार उंच राहते आणि तिथे कितीही जोर लावा, कमीच पडतो. घरच्या घरी बघायचं असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर ती किती वर राहते ते पाहा. केसाएवढी फट हवी. जास्त असेल तर दोष बोटांचा नाही. मग कंपासपेटीतली पट्टी घेऊन बाराव्या फ्रेटवर सर्वांत जाड तारेची उंची मोजा. अडीच मिलिमीटरच्या आसपास ठीक, तीनच्या वर गेली तर बोटांचे हाल. कोकणातल्या दमट हवेत गिटारचं वरचं लाकूड फुगतं, ब्रिज, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात तो तुकडा, वर उचलला जातो, त्याबरोबर तारा. पडून राहिलेल्या गिटारचं हे हमखास होतं. दुरुस्ती करणाऱ्याकडून नटच्या खाचा आणि सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकणारी पट्टी, घासून घ्या. खाचा स्वतः घासू नका, जास्त खोल गेल्या तर तार फ्रेटवर खडखडते.

गंजलेल्या तारा आजच काढून टाका. नवा सेट 'झीरो टेन'चा मागा. तो पातळ असतो, आवाज थोडा कमी भरतो, पण तुमच्या बोटांना आत्ता तोच हवा. वाजवून झालं की सुती फडक्यानं तारा पुसायच्या आणि गिटार बॅगेत ठेवायची, ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवून नाही. गोळ्यांच्या डब्यांतून सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्या तुमच्याकडे ढिगानं असतील. चार-पाच बॅगेत टाका आणि पावसाळ्यात बदलत राहा.

टोकं हुळहुळतात ते काही आठवड्यांत थांबेल, कातडी घट्ट होते. आंघोळीनंतर लगेच वाजवू नका. मनगट दुखलं तर मात्र त्या दिवशी थांबायचं. जाड बोटांचं आणि वयाचं मनातून काढून टाका. जँगो राइनहार्ट या नामवंत गिटारवादकाच्या डाव्या हाताची दोन बोटं 1928 साली आगीत जवळपास निकामी झाली होती. त्यानंतर तो जे वाजवून गेला ते जग आजही ऐकतं.

आता एफ. पहिल्या बोटानं सहाही तारा दाबायच्या असतात असं तुम्ही धरून चाललाय. प्रत्यक्षात त्या बोटाकडे तीनच तारा असतात : सर्वांत पातळ ती पहिली, दुसरी आणि सर्वांत जाड ती सहावी. मधल्या तिन्ही बाकीची बोटं दाबतात. बोट पोटावर न टाकता किंचित अंगठ्याच्या बाजूला कलतं करा, तिथे हाड लागतं. अंगठ्यानं चिमटा काढू नका, कोपर अंगाशी घेऊन दंडाचं वजन मागे ओढा. तोवर छोटा एफ वाजवा, पातळ चारच तारांचा.

पण एफ येईपर्यंत गाणं नाही, हे मला मुळीच पटत नाही. तुमचा सा पांढरी पाच, म्हणजे जी. त्या सा ला एफ हा कोमल निषाद. भूप रागात तो लागतच नाही, मग अडलंय कुठे? गिटारच्या मोकळ्या तारा जाडीकडून छेडून बघा : ध, रे, प, सा, ग, ध. अख्खा भूप बोट न लावता समोर! आता सुरावट. तिसरी तार मोकळी सा, तिच्याच दुसऱ्या फ्रेटवर रे, दुसरी तार मोकळी ग, तिच्या तिसऱ्या फ्रेटवर प, पहिली मोकळी ध, तिच्या तिसऱ्या फ्रेटवर वरचा सा. मी हे पहिल्यांदा एका पेटीवाल्या काकांना दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला की मलाच भरून आलं.

साथीला जी आणि ई मायनर एवढेच धरा. सी धरलात तर मध्यम घुसतो, डी धरलात तर शुद्ध निषाद, आणि पेटीवर तयार झालेल्या तुमच्या कानाला ते लगेच खुपेल. प्रत्येक शब्दावर कॉर्ड बदलायचाही नाही. ओळ सा वर थांबली की जी, धैवतावर रेंगाळली की ई मायनर.

पुढच्या भजनाला पेटी दुसऱ्या कुणाकडे द्या आणि गिटार घेऊन बसा. खिशात कॅपो, म्हणजे दांडीवर सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, असू द्या. गाणाऱ्यानं ऐनवेळी काळी चार मागितली तर पहिल्या फ्रेटवर लावा, काळी पाच मागितली तर तिसऱ्यावर. बोटं तीच राहतील.