कृष्णद्रव्यामुळे गुरुत्वीय लहरी ‘मंदावतात’ का?

प्रश्न असा आला आहे : ‘कृष्णविवरांभोवतीच्या कृष्णद्रव्यामुळे गुरुत्वीय लहरी मंदावतात’ असं वाक्य वाचलं. यातले दोन ‘कृष्ण’ एकच का? आणि ‘मंदावतात’ बरोबर आहे का?

आधी क्रियापद बघू, खरी गफलत तिथे आहे. गुरुत्वीय लहरी म्हणजे अवकाश-काळात उठणारे तरंग, त्या मंदावत नाहीत. कृष्णद्रव्यातून (डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारं पण गुरुत्वाने ओढणारं द्रव्य) त्या जवळजवळ विनाअडथळा पार होतात. फरक पडतो तो लहरी जिथे जन्मतात तिथे, म्हणजे कक्षेत. समजा, काही हजार सूर्यांएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराभोवती एक लहानसं कृष्णविवर फिरतंय आणि आसपास कृष्णद्रव्य दाटलेलं आहे. लहान विवर पुढे सरकतं तसे कृष्णद्रव्याचे कण त्याच्या ओढीने त्याच्या मागच्या अंगाला गोळा होतात आणि हाच पुंजका त्याला मागे खेचतो. ताऱ्यांच्या बाबतीत हे गणित खगोलभौतिकशास्त्रज्ञ एस. चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये मांडलं होतं. त्याला ‘गतिकीय घर्षण’ म्हणतात, पण घासत काहीच नाही, सगळा गुरुत्वाचा खेळ.

या ओढाताणीत कक्षेतली ऊर्जा घटते, कक्षा आक्रसते आणि लहान विवराचा वेग उलट वाढतो! आतल्या कक्षेत फेरा लवकर पुरा होतो. लहरींची वारंवारता लवकर चढते, दोन्ही विवरांचं विलीनीकरणही लवकर होतं. म्हणजे ‘मंदावतात’ हा शब्द दुहेरी चुकीचा.

हा फरक एका फेऱ्यात नगण्य असतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेला गुरुत्वीय लहरींचा पहिला संकेत जेमतेम ०.२ सेकंदाचा होता, एवढ्यात काय साचणार? युरोपीय अवकाश संस्थेची ‘लिसा’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा २०३५ च्या सुमारास अवकाशात जायची आहे. तिची तीन यानं एकमेकांपासून २५ लाख किलोमीटर अंतरावर असतील आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या घिरट्या ती ऐकू शकेल. हजारो फेऱ्यांत साचलेला फरक तिथे पकडता येईल. (हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेली लायगो-इंडिया ही अशीच वेधशाळा, पण जमिनीवरची. इतक्या संथ लहरी तिच्या टप्प्याबाहेरच्या.)

आता ‘कृष्ण’. विवरातून प्रकाश बाहेर पडत नाही, म्हणून ते काळं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराच्या चित्रात मधोमध काळी सावली दिसते, तेव्हा विशेषण चपखल आहे. कृष्णद्रव्य मात्र काळं नाहीच. काळी वस्तू मागचा प्रकाश अडवते. हे द्रव्य प्रकाश अडवत नाही की सोडत नाही. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये जर्मनमध्ये ‘डुंकल मटेरी’ (शब्दशः ‘काळोखं द्रव्य’) लिहिलं तेव्हा त्यांच्यासमोर न दिसणाऱ्या वस्तुमानाचा प्रश्न होता. तेव्हा मी तरी ‘अदृश्य द्रव्य’ पसंत करेन. दोन कृष्ण एका वाक्यात आले की वाचकाला ते विवरातूनच सांडलेलं वाटतं.

वाक्य असं करा : ‘कृष्णविवराभोवतीच्या अदृश्य द्रव्यामुळे गुरुत्वीय लहरींची वारंवारता अपेक्षेपेक्षा लवकर चढू शकते.’ ‘चढते’ नको, ‘चढू शकते’च हवं. अशी खात्रीशीर खूण अजून सापडलेली नाही.