छद्मविंचवाला नांगी असते का?

प्रश्न असा आला आहे: युरोपातल्या जंगलांमधल्या पालापाचोळ्यावरचा लेख मराठीत करताना ‘स्यूडोस्कॉर्पियन’ला (विंचवासारखा दिसणारा एक बारीक जीव) छद्मविंचू म्हणावं का, आणि ‘हा नांगी नसलेला विंचू’ हे वाक्य बरोबर आहे का?

छद्मविंचू चालेल. ‘छद्म’ला कपटाचा वास आहे (छद्मी हसणं आठवा) आणि हा जीव कुणाला फसवायला जात नाही, हे खरं. पण अमीबाच्या छद्मपादामुळे शास्त्रीय मराठीत तो शब्द रुळला आहे. ‘मिथ्याविंचू’ म्हटलं की मला तरी वेदान्त आठवतो.

खरा घोळ नांगीचा आहे. विंचवाची नांगी म्हणजे शेपटीच्या टोकाचा डंख. खेकड्याच्या नांग्या मात्र पुढे असतात, आणि रश्शात पडल्या की सगळ्यांना त्याच हव्या असतात. डंख आणि चिमटा, दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. लेखातली जात आहे निओबिसियम कार्सिनॉइड्स: जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, ओलसर पाचोळ्यात नि शेवाळात राहून कोळीकिडे वगैरे बारीक जीव खाणारी. तिला शेपूटच नाही, त्यामुळे विंचवाची नांगी नाही. खेकड्याच्या मात्र दोन आहेत, चांगल्या लांब. १८०४ साली ज्याँ-फ्रेदेरिक हेर्मान यांच्या मरणोत्तर छापलेल्या ग्रंथात तिला ‘कार्सिनॉइड्स’ हे नाव मिळालं, त्याचा अर्थच खेकड्यासारखी. त्यात विषही या चिमट्यातच, त्याच्या न हलणाऱ्या बोटात! तेव्हा ‘नांगी नसलेला’ हे वाचून प्राण्याचं चित्र पाहणारा गोंधळणारच. ‘शेपूट आणि डंख नसलेला, पण खेकड्यासारखे चिमटे असलेला’ असं सरळ लिहा.

क्रियापदही जपून वापरा. विंचू ‘नांगी मारतो’ किंवा ‘चावतो’ असं आपण म्हणतो. इथे ‘चिमट्यात पकडतो’ म्हणणंच ठीक. माणसाला त्याच्यापासून काही त्रास नाही, म्हणून ‘दंश’ही नको.

पिल्लांच्या परिच्छेदात ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ घालायचा मोह होईल. तो आवरा. खरी विंचवीण पिल्लं पाठीवर वागवते. छद्मविंचवाची मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत सांभाळते, आणि त्या काळात जबड्यातून काढलेल्या रेशमाच्या घरट्यात बसून राहते.