सांध्यातल्या रिंगा

प्रश्न : आमच्या दुमजली घराच्या कामात बीम कॉलमला मिळतो तेवढ्या उंचीत फिटरने (सळया बांधणाऱ्या कारागिराने) कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा वगळल्या आहेत. तेथे सळयांची गर्दी असल्याने रिंग बसत नाही, असे तो म्हणतो. हे चालेल का?

उत्तर : चालणार नाही. भूकंपात बीमच्या वरच्या सळया एका बाजूने ताणल्या जातात आणि दुसऱ्या बाजूने दाबल्या जातात, त्यामुळे बीम-कॉलमच्या सांध्यातील काँक्रीटला तिरप्या भेगा पडतात. ते काँक्रीट मुख्यतः या रिंगाच आवळून धरतात. आयएस १३९२० : २०१६ या भूकंपरोधक काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकानुसार कॉलमच्या टोकाजवळच्या दाट रिंगा सांध्यातूनही सलग न्याव्या लागतात. चारही बाजूंनी कॉलमच्या रुंदीच्या किमान पाऊणपट रुंद बीम येत असतील, तरच त्या निम्म्या करता येतात आणि तेव्हाही रिंगांमधील अंतर १५० मिमीपेक्षा जास्त चालत नाही. रिंगेच्या टोकाचा हूक १३५ अंशांत आतल्या काँक्रीटमध्ये वळलेला हवा. काटकोनात वळवलेला हूक कव्हर (सळयांबाहेरचा काँक्रीटचा थर) उडताच उघडतो.

फिटरची अडचण मात्र खोटी नाही. बीमचा सांगाडा आधी उतरवला की रिंग ओवायला जागाच उरत नाही, म्हणून रिंगा आधी कॉलमच्या सळयांत ओवून ठेवाव्यात. काँक्रीट ओतण्यापूर्वी अभियंत्यांना प्रत्येक सांधा दाखवा.