मॅपमुळे मेंदू गंजतो का?

प्रश्न: ताई, पुण्यात आठ वर्षं राहतेय तरी मॅप लावल्याशिवाय नणंदेच्या घरी पोचता येत नाही, नवरा म्हणतो मेंदू गंजलाय तुझा. खरंच असं होतं का?

उत्तर: गंजत वगैरे नाही गं, पण नवरा अगदीच चूक नाहीये (त्याला सांगू नकोस). रस्ते लक्षात ठेवण्यात मोठा वाटा मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा. २०१७ ला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या टीमने २४ जणांना स्कॅनरमध्ये झोपवून स्क्रीनवर लंडनमधल्याच सोहो भागाच्या गल्ल्यांतून फिरवलं, तर स्वतः रस्ता शोधताना नवीन गल्लीत शिरलं की हिप्पोकॅम्पस एकदम जागा व्हायचा, जितके फाटे जास्त तितका जास्त, आणि नुसतं 'आता डावीकडे' ऐकत गेलं की गप्प. म्हणजे रस्ता तू शोधतच नाहीयेस, मोबाइल शोधतोय.

उलट तिथले काळ्या टॅक्सीवाले बघ, परवान्याच्या परीक्षेसाठी मध्य लंडनमधल्या चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांतले साधारण २५,००० रस्ते पाठ करायचे, तीन-चार वर्षं त्यातच जातात. मेंदूशास्त्रज्ञ एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये दाखवलं की त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. मग लोक म्हणाले, मुळातच मोठा असेल! म्हणून शिकाऊ लोकांचं आधी-नंतर स्कॅनिंग केलं, २०११ ला रिझल्ट आला, वाढ फक्त पास झालेल्यांमध्येच दिसली. फुकट नाही हां, २००० च्या अभ्यासात टॅक्सीवाल्यांच्या हिप्पोकॅम्पसचा पुढचा भाग इतरांपेक्षा लहान होता.

तू निघताना मॅप एकदा बघ आणि फोन पर्समध्ये टाक, चुकलीस तर पानवाल्याला विचार.