मल्टिटूलमधली छोटी कात्री खरंच कापते का, आणि कुठल्याची चांगली?

तुम्ही विचारलंय की खिशात मावणाऱ्या मल्टिटूलमध्ये, म्हणजे एकातच घडी होऊन बसणाऱ्या सुरी-चिमटा वगैरे हत्यारांत, जी इवलीशी कात्री असते ती खरंच कामाची असते की नुसती नावाला, आणि लेदरमन आणि व्हिक्टोरिनॉक्स या दोन कंपन्यांत कोणाची बरी. सरळ सांगते, कापते, आणि तुम्हाला मुख्य काम कात्रीचंच असेल तर लेदरमनची मायक्रा घ्या. हे एवढ्यावरही थांबवता आलं असतं, पण या विषयावर माझं एका माणसाशी अकरा वर्षं भांडण चालू आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न दिसला आणि राहवलं नाही.

मी मराठी नाटकांचा कपडेपट सांभाळते. म्हणजे इस्त्री, हुक, फॉल, उसवलेलं शिवणं, दोन प्रवेशांच्या मध्ये चाळीस सेकंदात नऊवारी सोडून पाचवारी नेसवणं, सगळं. विंगेत शिंप्याची मोठी कात्री घेऊन फिरता येत नाही, अंधारात कोणाच्या तरी पोटात जायची, म्हणून कमरेच्या पाऊचमध्ये मायक्रा असते. मिटली की साडेसहा सेंटीमीटर, वजन ५१ ग्रॅम.

तर दादरला प्रयोग होता, दुसरा अंक. सेटमध्ये एक पलंग होता चाकांचा, तो अंधार झाला की आत ओढायचा आणि त्या जागी तुळशीवृंदावन आणायचं. आमची नायिका पलंगाला टेकून खाली बसलेली असायची, अंधार झाला की उठून उजव्या विंगेत. त्या दिवशी पोरांनी पलंग घाईने ओढला आणि तिचा पदर चाकाखाली गेला, नुसता खाली नाही, चाकाच्या आसात गुंडाळला गेला. ती उठायला गेली तर मानेला हिसका. पलंग मागे ढकलला तर अजून गुंडाळतोय, पुढे ओढला तर फाटतोय. आणि ती साडी माझ्या आईची होती. इरकल, अंग सुती आणि पदर रेशमी, लाल-पांढरा, आई परळच्या चाळीत असताना सणासुदीलाच नेसायची. निर्मात्याचं बजेट नव्हतं आणि मला भाड्याची चकचकीत नऊवारी त्या भूमिकेला नको होती म्हणून मी स्वतः आणलेली. हे आत्ता लिहितानाही घशाशी येतं.

मी डाव्या विंगेत होते, धावत येईपर्यंत आमचे सेटवाले काका तिथे गुडघ्यावर बसलेले. त्यांच्याकडे पक्कडवालं मोठं मल्टिटूल, पाव किलोच्या आसपास वजनाचं, कंपनीचं नाव घेत नाही. त्याची त्यांना फार घमेंड, सगळ्या दौऱ्यात बसमध्ये दाखवत बसायचे, यात अठरा हत्यारं आहेत, तुझी ती बाहुलीची कात्री काय कामाची. त्यांनी त्यातली कात्री काढून काठाच्या बाजूने पदराला लावली आणि दाबली. आवाजच आला नाही हो. कात्री कापते तेव्हा एक कर्र असा आवाज येतो, तो नाही. कापड दोन पात्यांच्या मध्ये घडी होऊन शिरलं आणि अडकून बसलं. त्यांनी परत दाबलं, परत तेच, मग ओढलं, मग रेशमाचे धागे लांब लांब निघून आले. वर म्युझिकवाल्या पोराने तीच धून दुसऱ्यांदा लावलेली, प्रेक्षकांत खाकरणं सुरू झालेलं. मी म्हटलं काका सरका, आणि हाताने चाचपून पदर जिथे ताणलेला होता तिथे दुसऱ्या बाजूने मायक्रा घातली. पाच-सहा घास घेतले असतील. कर्र, कर्र, सुटली ती. उरलेला पदर खोचून घेऊन ती विंगेत गेली, उजेड आला, वृंदावनही आलं. कोणाला काही कळलं नाही.

प्रयोगानंतर चहा पिताना काका सगळ्यांसमोर म्हणाले, "मी अर्धं कापून ठेवलं होतं म्हणून हिची कात्री चालली."

हे भांडण आहे. बाकीचं उत्तर याच्याच आधारावर वाचा.

आता कात्री का कापत नाही ते. लोकांना वाटतं धार गेली. बऱ्याचदा धारेचा संबंधच नसतो. कात्रीची दोन पाती कायम एकाच बिंदूवर एकमेकांना टेकलेली असायला लागतात, आणि तो बिंदू तुम्ही दाबत जाता तसा पाती जोडणाऱ्या खिळ्याकडून टोकाकडे सरकत जातो. म्हणून चांगल्या कात्रीची पाती आतून अगदी किंचित बाकदार असतात, मिटताना एकमेकांवर दाब ठेवतात. खिळा ढिला झाला किंवा पाती पातळ पडली की मध्ये फट राहते, आणि मग पात्यांना कितीही धार असू दे, पातळ कापड त्या फटीत घडी होऊन शिरतं. जाड पुठ्ठा अशी कात्रीपण कापते, त्यामुळे माणसाला वाटतं आपली कात्री फर्स्टक्लास आहे. काका नेहमी केबल टाय आणि सुतळी कापून दाखवायचे. सुतळी कापणं ही कात्रीची परीक्षाच नाही. ओला टिश्यू पेपर एक पदरी घ्या, किंवा शिफॉनच्या जुन्या ओढणीचा तुकडा, आणि अगदी टोकापर्यंत कापा. टोकाला घडी पडली की नापास. रेशीम यातलं सगळ्यात वाईट, कारण ते पात्यावरून पुढे घसरतं.

पक्कडवाल्या मोठ्या टूलमध्ये कात्री ही बाकीच्या दहा गोष्टींच्या गर्दीत जागा मिळेल तशी बसवलेली असते, पाती आखूड, दाबायचा दांडा त्याहून आखूड, अंगठा दुखतो. मायक्राचं उलटं आहे. लेदरमनने १९९६ मध्ये ती काढली तेव्हा पकडीच्या जागी मधोमध कात्रीच ठेवली, त्यामुळे दोन्ही मुठी पूर्ण उलटून बाहेर येतात आणि त्याच कात्रीच्या मुठी होतात. हातात काहीतरी धरल्यासारखं वाटतं, जोर लागतो. सुरी, चिमटा, कानस वगैरे मुठींच्या आत, ते वापरायला कात्री मिटावी लागते, पण मला चालतं. चिमटा तर हुकच्या कामाला रोज लागतो.

व्हिक्टोरिनॉक्सची क्लासिक, ती ५८ मिलिमीटरची, किल्लीला अडकवतात ती, माझ्याकडे ती पण होती. दोरा, नख, दुधाची पिशवी, लेबल, एवढ्याला उत्तम, आणि टोक इतकं बारीक की शिवणीतला एक टाका उचलून कापता येतो, जे मायक्राला तेवढं जमत नाही. पण कापडाचे चार थर असतील तर नाही. त्यांचीच ९१ मिलिमीटरवाली, क्लाइंबर किंवा कॉम्पॅक्ट, तिची कात्री चांगली दणकट आहे, कापडाला मायक्राच्या जवळपास जाते. तिथे एका बाजूची मूठ म्हणजे अख्खा चाकूच, म्हणून धरायची सवय करावी लागते. त्या कात्र्यांना पानासारखी बारीक स्प्रिंग असते, वर्षानुवर्षं वापरून तुटते, पण सुटी मिळते आणि घरी बसवता येते. वेंगरच्या जुन्या चाकूंच्या कात्रीला पात्यावर बारीक दाते असायचे, रेशमाला ते फार छान, कापड पकडून ठेवतात. वेंगर २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सनेच घेतली, तशी दातेवाली कात्री आता त्यांच्या ८५ मिलिमीटरच्या काही मॉडेलमध्ये येते. स्टेशनबाहेर लाल रंगाच्या कॉप्या मिळतात त्या घेऊ नका, पहिल्याच आठवड्यात खिळा हलतो.

धारवाल्याकडे देऊ नका. सायकलवर दगड फिरवणारे येतात ना आपल्या गल्लीत, सुऱ्यांना ते उत्तम करतात, मेरठची मोठी शिलाई कात्री पण मी त्यांच्याकडेच देते (त्या मेरठच्या कात्रीला जीआय टॅग आहे, २०१३ पासून, फार कमी लोकांना माहीत असतं). पण छोट्या कात्रीची आतली सपाट बाजू एकदा दगडाला लागली की संपलं, तो बाकच निघून जातो, मी एक अशीच घालवलीय. फक्त बाहेरची तिरकी कड बारीक दगडाने घासायची, आतून फक्त पुसायचं. अॅल्युमिनियम फॉइल कापून धार येते म्हणतात ती खरी धार नव्हे, कडेला आलेली बारीक कूस तेवढी निघते. बऱ्याचदा तर काहीच करायची गरज नसते, सेलोटेपचा गोंद पात्याला बसलेला असतो तो काढला की परत कापायला लागते. गोंद नेलपॉलिश रिमूव्हरने निघतो, पण व्हिक्टोरिनॉक्सच्या लाल प्लॅस्टिकला तो लावू नका, प्लॅस्टिक विरघळतं. मी घासलेटचा बोळा फिरवते आणि नंतर खिळ्यावर मशीनच्या तेलाचा एक थेंब.

आता तो तुकडा. त्या रात्री पलंग उलटा करून चाक सोडलं आणि आसात अडकलेला पदर बाहेर काढला, वीतभर आहे, माझ्या हुकांच्या डब्यात अजून ठेवलाय. काल तुमचा प्रश्न वाचून परत काढला आणि खिडकीपाशी नेऊन बघितला. काठाकडून जेमतेम दोन बोटं रुंदीचा भाग चघळल्यासारखा आहे, धागे कापलेलेच नाहीत, लोंबतायत, आणि कापडावर पात्याने दाबल्याच्या तीन आडव्या चुण्या आहेत, एवढ्या वर्षांनीही गेल्या नाहीत. त्याच्या पुढे सगळं सरळ. एकेका घासाला बारीक पायरी पडलीय, पण कड स्वच्छ. पायऱ्या मोजता येतात, सहा आहेत.

दोन बोटं म्हणजे अर्धं नव्हे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, आणि तुम्ही डावखुरे असाल तर हीच सगळ्यात महत्त्वाची. काका डावखुरे आहेत. या बहुतेक सगळ्या कात्र्या उजव्या हाताच्या असतात, उजव्या हाताने दाबताना अंगठा आणि बोटं नकळत पात्यांना एकमेकांवर दाबतात, डाव्या हाताने तोच जोर पात्यांना फाकवतो. म्हणजे त्यांच्या टूलचा त्यात सगळाच दोष नव्हता. हे माझ्या लक्षात दोन-तीन वर्षांनी आलं, तेव्हा मी त्यांचंच टूल मागून उजव्या हाताने ओढणी कापून पाहिली. आधीपेक्षा बरी कापली, टोकाला घडी पडलीच. डावखुऱ्यांनी म्हणून विकत घेण्याआधी स्वतःच्या हाताने, स्वतःचं कापड नेऊन कापून बघावं, दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघावं. आणि कोणाचाच हात असला तरी जाड काही कापायचं तर खिळ्याजवळ घालून कापा, टोकाने झटू नका.

विमानाने जाताना हे सामान केबिन बॅगेत ठेवू नका, माझी क्लासिक तशीच गेली, नागपूरच्या दौऱ्याला.

काकांना मी हे सगळं सांगितलंय, तुकडा दाखवलाय, डाव्या हाताचं पण समजावलंय. ते अजून म्हणतात अर्धं मीच कापलं होतं. नव्हतं कापलं.