वेळकाढूपणावर उतारा : वाचकांचे फुटबॉल-प्रश्न

प्रश्न : गोलरक्षकाने चेंडू हातात किती वेळ ठेवायचा, हा नियम बदलला म्हणे. आमच्या स्पर्धेत पंचांनी तो कसा लावावा? (कोल्हापूर)

२०२५-२६ च्या हंगामापासून मर्यादा ८ सेकंदांची आहे. ती ओलांडली की समोरच्या संघाला कॉर्नर. पूर्वी मर्यादा ६ सेकंदांचीच होती, पण शिक्षा होती पेनल्टी क्षेत्रातून इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल होत नाही). म्हणजे चेंडू गोलच्या तोंडाशी आणि अख्खा संघ गोलरेषेवर भिंत करून उभा. थोड्याशा दिरंगाईसाठी हा गोंधळ ओढवून घ्यायला पंच धजावत नसत, आणि गोलरक्षकांना ते पक्के ठाऊक होते. कॉर्नरची शिक्षा झोंबते, पण तिने सामना फिरेलच असे नाही. म्हणून शिट्टी वाजण्याची शक्यता वाढली.

चुका होतात त्या मोजणी सुरू करताना. चेंडू हाताला लागल्या क्षणापासून मोजू नका. गोलरक्षकाचा पूर्ण ताबा आला आणि कुणी अंगावर नाही, तिथून मोजा. पहिले ३ सेकंद मनात. मग हात वर करून उरलेले ५ बोटांनी, सगळ्यांना दिसतील असे. मध्येच चेंडू जमिनीवर टप्पा देऊन किंवा वर उडवून झेलला तरी मोजणी नव्याने सुरू होत नाही, तोही ताबाच. शिट्टीच्या वेळी गोलरक्षक ज्या बाजूला जवळ असेल त्या बाजूचा कॉर्नर द्या. पिवळे कार्ड लगेच काढायचे नाही, पुन्हा पुन्हा केले तरच. समोरचा फॉरवर्ड मुद्दाम आडवा येत असेल, तर फ्री किक गोलरक्षकाच्या संघाला.

प्रश्न : प्रतिहल्ला सुरू झाला की मागून शर्ट ओढायचा आणि हसत पिवळे कार्ड घ्यायचे. अशा खेळाडूला हॉकीसारखे बाहेर का बसवत नाहीत? (मडगाव)

११ जुलै २०२१ च्या युरो अंतिम सामन्यात इटलीच्या किएलिनीने इंग्लंडच्या साकाची कॉलर ओढली, ती भरपाई वेळेत. पिवळे कार्ड मिळाले, इंग्लंडचा हल्ला मेला, पुढे पेनल्टी शूटआऊटमध्ये इटली जिंकली. सौदा स्वस्तातच पडला. हॉकीत हिरव्या कार्डाला २ मिनिटे बाहेर बसावे लागते. फुटबॉलमध्येही स्थानिक आणि युवा पातळीवर तात्पुरत्या हकालपट्टीची मुभा आहे. २०२४ मध्ये अशा हकालपट्टीसाठी निळ्या कार्डाची बरीच चर्चा झाली, पण फिफाच्या विरोधामुळे ते बारगळले.

विरोधातला एक मुद्दा मात्र खरा आहे. १० मिनिटांची शिक्षा झाली की उरलेले दहा जण गोलसमोर तळ ठोकतील, कुणी पाय धरून लोळेल आणि निम्मी शिक्षा तशीच सरेल. आमच्या मते ५ मिनिटे पुरेत, पण चेंडू खेळात असतानाचीच धरावीत. शिक्षा म्हणून फ्री किक १० यार्ड पुढे नेण्याचा प्रयोगही इंग्लंडमध्ये झाला, २००५ मध्ये गुंडाळला. पेनल्टी क्षेत्राजवळ चेंडू पुढे सरकवला की भिंतीवरून उचलून गोलमध्ये उतरवणे उलट अवघड होते!

प्रश्न : मग खेळ थांबला की घड्याळच थांबवून ६० मिनिटांचा सामना का नको? (पुणे)

नियम ठरवणाऱ्या आयफॅबनेच २०१७ मध्ये ही कल्पना चर्चेला ठेवली होती. फुटसालमध्ये, म्हणजे पाच-पाच जणांच्या इनडोअर फुटबॉलमध्ये, घड्याळ थांबतेच. अडचण अशी की घड्याळ थांबले की घाई कुणालाच उरत नाही. थ्रो-इनलाही मग निवांतपणा. त्यापेक्षा वाया गेलेला वेळ शेवटी वाढवून देणे बरे. २०२२ च्या विश्वचषकात इंग्लंड-इराण सामन्याच्या पहिल्याच सत्रात १४ मिनिटे वाढवली. गोलरक्षकाच्या दुखापतीने बराच खेळ थांबला होता, त्यामुळे तो हिशेब योग्यच होता.

स्थानिक स्पर्धेत नियम न मोडता हेच जमते. टचलाइनवरच्या एका माणसाकडे दुसरे स्टॉपवॉच द्या. गोल, बदली, दुखापत आणि कार्ड, एवढ्याच वेळी ते चालू करायचे आणि खेळ सुरू होताच बंद. ४५ व्या मिनिटाला त्यावर दिसेल तो आकडा त्याने पंचांना कळवायचा. किती वेळ वाढवायचा हा निर्णय मात्र पंचांचाच.